सीओपीडी-दम्याचा शिक्का बसलेल्या रुग्णात दुर्मीळ आजाराची शंका नेमकी कधी घ्यावी?

निशिगंध
नमस्कार मंडळी. फॅमिली प्रॅक्टिसमधल्या एका अडचणीवर हा धागा काढतेय. सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होणं), दमा, ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं), फायब्रोसिस (फुप्फुसात व्रणासारखं घट्ट ऊतक होणं) यांपैकी एखादं निदान एकदा फाइलवर चढलं की पुढची प्रत्येक धाप आणि प्रत्येक खोकला त्याच खात्यात जमा होतो. पंप वाढवा, अँटिबायोटिक द्या, पाच दिवस स्टिरॉइड द्या, झालं. बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. पण याच गर्दीत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या संरक्षक प्रथिनाची कमतरता, एबीपीए (अ‍ॅस्परजिलस बुरशीची फुप्फुसातली अ‍ॅलर्जी), एनटीएम (क्षयाच्या कुळातल्या इतर जंतूंचा संसर्ग), एलएएम (मुख्यतः स्त्रियांत फुप्फुसभर पोकळ्या करणारा आजार) असे आजारही असतात, आणि ते सापडेपर्यंत फुप्फुसाचं भरून न येणारं नुकसान झालेलं असतं.

मला विचारायचंय ते असं: कोणती खूण दिसली की थांबून पुन्हा विचार करायचा? तपासण्या कोणत्या क्रमाने करायच्या? आणि त्या कुठे फसवतात? लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात. साध्या दवाखान्यातून काय करता येईल ते हवंय.

देवचाफा
चांगला विषय घेतलात. माझ्या मते शोधायची असते ती विसंगती. आजाराचं नाव नंतर सापडतं. फाइलवरचं निदान आणि समोरचा रुग्ण यांचा मेळ बसत नाही, तिथे थांबायचं.

काही ठळक विसंगती सांगतो. वय ४५ च्या आत आणि एम्फिसीमा (हवेच्या पिशव्या नष्ट होऊन फुप्फुसात पोकळ्या होणं). कधीच धूर न ओढलेल्या माणसात, ना सिगारेटचा ना चुलीचा, 'सीओपीडी'. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोराने फुंकलेली हवा) ठीकठाक, पण चार पावलं चालल्यावर ऑक्सिजन घसरतो. तरुण स्त्रीला दुसऱ्यांदा न्युमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा शिरून ते दबणं). दम्याच्या रुग्णाला दरवेळी स्टिरॉइडने बरं वाटतं आणि गोळी थांबली की महिन्याभरात पुन्हा तेच.

आणि एक खूण फार दुर्लक्षित राहते: बोटांचं क्लबिंग. सीओपीडीमुळे क्लबिंग होत नाही, दम्यामुळेही होत नाही. सीओपीडीच्या रुग्णाची नखं फुगीर दिसली तर दुसरं कारण शोधायलाच हवं. कर्करोग, ब्राँकिएक्टेसिस, फायब्रोसिस. दोन्ही हातांच्या तर्जनीची नखं एकमेकांना पाठीला पाठ लावून धरायची. निरोगी बोटांत मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. क्लबिंगमध्ये ती बुजते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

फुंकर
विसंगती शोधायच्या आधी मूळ निदान कशावर उभं आहे ते बघा, अशी फुप्फुसक्षमता प्रयोगशाळेकडून विनंती. कितीतरी 'सीओपीडी' एकदाही नीट स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसक्षमतेची चाचणी) न करता लिहिलेले असतात.

सीओपीडी म्हणायला ब्राँकोडायलेटर (श्वासनलिका रुंदावणारं औषध) दिल्यानंतरचं एफईव्ही१/एफव्हीसी (पूर्ण फुंकलेली एकूण हवा) गुणोत्तर ०.७० च्या खाली हवं. त्यासाठी सालब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० चे चार पफ, एकेक करून स्पेसरमधून. मग १५ मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं. औषधाने अडथळा उलटतोय का हे पाहायचं असेल तर आधीचे पंप बंद हवेत: सालब्युटामॉल ४ ते ६ तास, इप्राट्रोपियम १२ तास, फॉर्मोटेरॉल-सालमेटेरॉल २४ तास, इंडाकाटेरॉल-विलांटेरॉल ३६ तास, टायोट्रोपियमसारखी ३६ ते ४८ तास. हे रुग्णाला आदल्या दिवशी कोणी सांगतच नाही. मग 'औषधाने फरक नाही' असा रिपोर्ट जातो आणि दम्याचा माणूस सीओपीडी होऊन बसतो.

रिपोर्टवर आकड्यांआधी आलेख बघा. किमान तीन चांगले प्रयत्न, त्यांतल्या सर्वोत्तम दोनांत १५० मिलीपेक्षा जास्त तफावत नको. वेळ-आकारमानाची रेघ शेवटी सपाट व्हायला हवी. रुग्णाने तीन-चार सेकंदांतच सोडलं तर एफव्हीसी खोटं कमी येतं, गुणोत्तर खोटं वर जातं, आणि खरा अडथळा झाकला जातो.

डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती शिरतो याची मोजणी) मागवताना हिमोग्लोबिन सोबत पाठवा. अ‍ॅनिमियात डीएलसीओ कमी दिसतो. त्याच दिवशी सिगारेट ओढली असेल तरी कमी येतो, कारण रक्तात कार्बन मोनॉक्साइड आधीच असतो. १० सेकंद श्वास रोखणं जमलं नाही तर आकड्याला अर्थ नाही.

रानवारा
फुंकर, तुमचं सदस्यनाम या धाग्याला अगदी शोभतंय :) वाचनखूण साठवली.
एक शंका: आलेख बघा म्हणजे आकड्यांत न दिसणारं असं काय दिसतं त्यात?

फुंकर
वरच्या श्वासमार्गाचा अडथळा! प्रवाह-आकारमानाच्या वेटोळ्यात वरचा भाग उच्छ्वासाचा, खालचा श्वास आत घेण्याचा. खालचा भाग चपटा झाला तर अडथळा छातीबाहेर आणि बदलता: स्वरतंतू श्वास घेताना जवळ येणं, किंवा स्वरतंतूचा पक्षाघात. वरचा भाग चपटा तर छातीच्या आतली श्वासनलिका मऊ पडलेली असू शकते, किंवा आत गाठ. दोन्ही बाजू चपट्या म्हणजे पक्कं आकुंचन. व्हेंटिलेटरवर राहून आलेल्या रुग्णात काही आठवड्यांनी 'दमा' सुरू झाला तर हेच आधी डोक्यात यावं. आवाज घरघरीचा नसतो, श्वास आत घेताना गळ्यापाशी शिट्टी ऐकू येते. छातीवर नव्हे, गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवा.

मर्यादाही सांगते. श्वासनलिका साधारण ८ मिमीपर्यंत अरुंद झाल्याशिवाय वेटोळं बदलत नाही. शिवाय खालचा भाग चपटा येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रुग्णाने जोर लावून श्वास आत घेतलेलाच नसतो. म्हणून तिन्ही प्रयत्नांत तोच आकार आला तरच त्यावर विश्वास.

साधीगोष्ट
थोडा विरोधी सूर लावतो. सीओपीडीच्या रुग्णाची धाप वाढते तेव्हा कारण बहुतेकदा दुर्मीळ नसतं, ते नेहमीचंच असतं. हृदय कमकुवत झालंय, हिमोग्लोबिन उतरलंय, पायातली गुठळी फुप्फुसात गेलीय, फुप्फुसाचा कर्करोग आलाय, पोटातलं आम्ल वर येतंय. किंवा पंप चुकीचा ओढला जातोय. ड्राय पावडरचा पंप जोरात, झटक्यात ओढायचा असतो आणि एमडीआय (दाबून फवारा उडवायचा पंप) सावकाश, खोल. दोन्ही प्रकार एकाच रुग्णाला दिले की तो दोन्ही एकाच पद्धतीने ओढतो.

सीबीसी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी), एको आणि समोर बसवून पंप ओढून दाखवायला सांगणं, एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुर्मीळ आजाराच्या मागे लागून हार्ट फेल्युअर चुकणं मला जास्त भयंकर वाटतं.

देवचाफा
@साधीगोष्ट, क्रमाबद्दल पूर्ण सहमत. पण 'आधी सगळं साधं संपवा, मग दुर्मीळ' असं पायरी-पायरीने केलं की दुसरी पायरी येतच नाही. काही रक्ततपासण्या पहिल्याच फेरीत उरकता येतात. सीओपीडीत अल्फा-१ एकदा, दम्यात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जी-जंतांत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी), ब्राँकिएक्टेसिसमध्ये आयजीजी-आयजीए-आयजीएम या अँटिबॉडी. रक्त तर तुम्ही तसंही काढताच आहात.

सूक्ष्मदर्शी
अल्फा-१ चा विषय निघालाच आहे तर प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो.

१९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांच्या साधारण १५०० इलेक्ट्रोफोरेसिस (विजेने प्रथिनं वेगळी करण्याच्या) पट्ट्या तपासल्या. त्यांतल्या ५ पट्ट्यांत अल्फा-१ चा पट्टा जवळजवळ नव्हताच. तिथून हा आजार उघडकीला आला. आजही दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये तो पट्टा फिका दिसला तर पॅथॉलॉजिस्टने ते लिहून पाठवायला हवं.

यकृत हे प्रथिन बनवतं. ते न्यूट्रोफिलमधल्या इलास्टेज या विकरापासून फुप्फुसाच्या लवचिक तंतूंना वाचवतं. झेड प्रकारच्या जनुकामुळे रेणूची घडी चुकते, तो यकृताच्या पेशीतच अडकतो. म्हणून फुप्फुसात कमतरता आणि यकृतात साठा, असा दुहेरी त्रास.

रक्तातली पातळी साधारण ९० ते २०० मिग्रॅ/डेसिलिटर असते. ११ मायक्रोमोलच्या खाली, म्हणजे नेफेलोमेट्री या मोजणीच्या पद्धतीने सुमारे ५७ मिग्रॅच्या खाली, फुप्फुसाला धोका स्पष्ट वाढतो. आता फसवणूक कुठे होते ते. हे प्रथिन सूज-जंतुसंसर्गात वाढतं. न्यूमोनियात किंवा सीओपीडी उफाळलेला असताना रक्त काढलं तर एक झेड जनुक असलेल्या माणसाची पातळी अगदी नॉर्मल येऊ शकते. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवरही वाढते. त्यामुळे त्याच नमुन्यात सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी) करा. सीआरपी वाढलेला असेल तर आजार शांत झाल्यावर पुन्हा मोजा. पातळी कमी किंवा काठावर आली की जनुकीय तपासणी. साध्या जनुकीय संचात फक्त एस आणि झेड हे दोन सदोष प्रकार शोधतात. पातळी खूप कमी आणि संच मात्र 'नॉर्मल' असेल तर पूर्ण सर्पिना-१ जनुक वाचायला सांगा.

पानगळ
पण उपयोग काय? बऱ्याच जणांना ते प्रथिन शिरेतून देणं शक्यच नसतं. मग नाव कळून रुग्णाच्या हातात काय पडतं?

सूक्ष्मदर्शी
बरंच काही. ते प्रथिन दर आठवड्याला किलोमागे ६० मिग्रॅ शिरेतून द्यावं लागतं, ते प्रत्येकाला मिळत नाही हे खरं. पण सख्ख्या भावंडांत दोन्ही सदोष जनुकं असण्याची शक्यता चारात एक असते, आणि ती भावंडं अजून तिशीत, निरोगी असतात. त्यांनी आज सिगारेट सोडली, धुळीचं काम टाळलं तर त्यांचं फुप्फुस वाचतं. रुग्णाच्या यकृतावर लक्ष ठेवता येतं, दारूबद्दल स्पष्ट सांगता येतं. नाव कळणं हा त्या घरासाठी उपचारच आहे.

क्षकिरण
आता सिटीबद्दल. धाग्यातल्या प्रत्येक आजारात शेवटी सिटीच बोलणार आहे, त्यामुळे ती कशी मागवता याला फार महत्त्व आहे.

'सिटी चेस्ट' एवढंच लिहून पाठवू नका. एचआरसिटी (बारीक कापांची सिटी) हवी: कापाची जाडी १.५ मिमी किंवा त्याहून कमी, पूर्ण श्वास आत घेऊन. दमा, ब्राँकिओलायटिस (बारीक श्वासनलिकांची सूज) किंवा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (श्वासातून जाणाऱ्या पिसं-बुरशीसारख्या कणांमुळे येणारी फुप्फुसाची सूज) यांची शंका असेल तर श्वास सोडूनही घ्यायला सांगा. श्वास सोडल्यावर निरोगी फुप्फुस करडं होतं. जिथे हवा अडकते ते तुकडे काळेच राहतात. फक्त श्वास आत घेतलेल्या चित्रात हे दिसत नाही. पाठीकडच्या तळाला धूसरपणा असेल तर पालथं झोपवून पुन्हा घ्यायचं. पालथं केल्यावर निघून गेला तर ते गुरुत्वाकर्षण होतं, राहिला तर आजार.

सगळ्यात जास्त चुका काळ्या पोकळ्यांत होतात. 'एम्फिसीमॅटस चेंजेस' लिहिलं की विषय संपतो. मी काय बघतो ते सांगतो. पोकळीला भिंत आहे का? सेंट्रिलोब्युलर एम्फिसीमाला स्वतःची भिंत नसते, आणि काळ्या भागाच्या मधोमध एक पांढरा ठिपका दिसतो. ती त्या लोब्यूलची (फुप्फुसाच्या छोट्या घटकाची) धमनी. सिस्टला बारीक पण स्पष्ट भिंत असते आणि मध्ये ठिपका नसतो. हा ठिपका शोधायला चित्र मोठं करून एकेका पोकळीवर थांबावं लागतं, पण त्यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

सिस्ट आहेत हे ठरलं की त्या कुठे आणि कशा आहेत ते पाहायचं. गोल, एकसारख्या, वरपासून खालपर्यंत पसरलेल्या, रुग्ण तरुण स्त्री: एलएएम. वेड्यावाकड्या आकाराच्या, वरच्या-मधल्या भागात, सोबत बारीक गाठी, तळाचे कोपरे मोकळे, रुग्ण धूम्रपान करणारा: लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. तळाला, प्ल्युराला (फुप्फुसाच्या आवरणाला) आणि छातीच्या मध्यभागाला चिकटून, लांबट-चपट्या: बर्ट-हॉग-दुबे. या शेवटच्यात चेहऱ्यावर-मानेवर बारीक पांढुरके फोड बघा, घरात कोणाला न्युमोथोरॅक्स किंवा मूत्रपिंडाची गाठ झालीय का विचारा. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी पुढे नियमित लक्ष ठेवावं लागतं, म्हणून हे नाव चुकणं महागात पडतं.

आणखी एक: वर एम्फिसीमा आणि तळाला फायब्रोसिस, दोन्ही एकत्र. इथे स्पायरोमेट्री सपशेल फसवते. एक आजार आकारमान वाढवतो, दुसरा कमी करतो, बेरीज जवळजवळ नॉर्मल. डीएलसीओ मात्र पार कोसळलेला. फुंकर यांनी सांगितलेल्या आकड्यांपैकी हा एकच तिथे खरं बोलतो.

रानवारा
एलएएम नक्की करायला फुप्फुसाचा तुकडा काढावाच लागतो ना?

देवचाफा
दरवेळी नाही. सिटी नमुनेदार असेल आणि रक्तातलं व्हीईजीएफ-डी हे प्रथिन ८०० पिकोग्रॅम/मिली किंवा जास्त आलं तर बायोप्सीची गरज नाही. मूत्रपिंडात अँजिओमायोलायपोमा (चरबी-रक्तवाहिन्यांची गाठ), ट्यूबरस स्क्लेरोसिस (अनेक अवयवांत गाठी करणारा जनुकीय आजार), किंवा छातीत दुधाळ कायलस द्रव असेल तरीही निदान पक्कं होतं. म्हणून सिटी पोटापर्यंत वाढवा आणि त्वचा नीट पाहा. व्हीईजीएफ-डी कमी आलं म्हणून एलएएम नाही असं मात्र म्हणता येत नाही. सिरोलिमस या औषधाने फुप्फुसाची घसरण थोपवता येते हे २०११ च्या माइल्स चाचणीत दिसलं आहे, त्यामुळे वेळेत निदानाला इथे खरंच अर्थ आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळायच्या, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवायला विसरू नका.

बुरशीवेध
एबीपीए मला या सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो तितकासा दुर्मीळ नाही आणि त्याला सतत क्षय समजून औषधं दिली जातात. दम्याचा रुग्ण, वरच्या भागात येणाऱ्या-जाणाऱ्या सावल्या, ताप, वजन कमी. थुंकीत जंतू सापडत नाही तरी क्षयाची औषधं सुरू होतात. सावली आपोआप जाते आणि औषध लागू पडलं असं वाटतं. पुढच्या वेळी सावली दुसऱ्या जागी.

खाकरून निघणारे तपकिरी, साच्यातून काढल्यासारखे घट्ट तुकडे पडतात का, हे विचारा. रुग्ण स्वतःहून सांगत नाही.

क्रम असा. प्रत्येक दम्याच्या रुग्णात आधी अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस-विशिष्ट आयजीई, ०.३५ किंवा जास्त असेल तर एकूण आयजीई. २०२४ च्या सुधारित निकषांत एकूण आयजीईची रेघ ५०० आययू/मिलीवर आणली आहे, आधी ती १००० होती. त्यासोबत तीनपैकी दोन हवेत: अ‍ॅस्परजिलस आयजीजी, इओसिनोफिल ५०० किंवा जास्त, आणि सिटीत सुसंगत बदल. सिटीत श्वासनलिकेत अडकलेला कफ पाठीच्या स्नायूंपेक्षा पांढरा दिसला तर एबीपीएची बाजू फार भक्कम होते.

फसवतं काय? स्टिरॉइड. दोन-चार दिवसांच्या गोळ्यांनीही इओसिनोफिल शून्यावर येतात. म्हणून जुन्या सीबीसी काढून बघा, गोळी सुरू व्हायच्या आधीच्या. आणि उपचारानंतर आयजीई नॉर्मल होईल अशी वाट पाहू नका, तो होत नाही. सगळ्यात खाली गेलेला आकडा ही त्या रुग्णाची पायाभूत पातळी. त्रास वाढला आणि आयजीई त्यावरून ५० टक्के चढला तर आजार उलटलाय.

जास्वंदी
बुरशीवेध यांच्या प्रतिसादाला जोडून: दमा + खूप इओसिनोफिल एवढ्यावर थांबू नका. पायाची बोटं बधिर आहेत का, पाऊल लटकतंय का, सायनस, पुरळ, लघवीत प्रथिनं? १००० च्या वर इओसिनोफिल आणि यातलं काही असेल तर ईजीपीए (इओसिनोफिलसह रक्तवाहिन्यांची सूज). एएनसीए ही अँटिबॉडी निम्म्याहून कमी रुग्णांत पॉझिटिव्ह येतं, निगेटिव्हने काही संपत नाही. हृदय तपासाच: ट्रोपोनिन, ईसीजी, एको. या आजारात जीव जातो तो बहुतेकदा हृदयामुळे. स्टिरॉइड कमी करताना लक्षणं उघडी पडतात, तेव्हा विशेष सावध राहा.

आणि मोठा डोस सुरू करण्याआधी स्ट्राँगिलॉइडिसची रक्ततपासणी. तो जंत पोटात असताना स्टिरॉइड दिलं तर तो अंगभर पसरतो. फायलेरिया (हत्तीरोगाचा जंत) असलेल्या प्रदेशात रात्रीचा खोकला आणि ३००० च्या वर इओसिनोफिल असतील तर ट्रॉपिकल इओसिनोफिलियासाठी फायलेरियाची अँटिबॉडी. तो आजार डीईसी या औषधाच्या तीन आठवड्यांनी बरा होतो, त्यामुळे चुकवू नये.

साधीगोष्ट
जंताचा मुद्दा फार मोलाचा. +१

पेट्रीडिश
एनटीएमवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. थुंकीच्या स्मीअरमध्ये आम्लरोधक (क्षयाच्या कुळातले) जंतू दिसले पण क्षयाची पीसीआर निगेटिव्ह आली, की लगेच क्षयाची औषधं लिहू नका. पेशंटला ब्राँकिएक्टेसिस किंवा सीओपीडी असेल तर ही एनटीएमची पहिली घंटा असते.

निदानाला तीन गोष्टी एकत्र लागतात: लक्षणं, सिटी, आणि कल्चर. वेगवेगळ्या दिवशी दिलेल्या किमान दोन थुंकींत तीच प्रजाती वाढायला हवी, किंवा ब्राँकोस्कोपीच्या (दुर्बिणीने श्वासनलिका पाहताना घेतलेल्या) धुवणात एकदा. एकाच थुंकीत एकदा आलेलं पुरेसं नाही, कारण हे जंतू नळाच्या पाण्यात असतात. नमुना देण्याआधी नळाच्या पाण्याने चूळ भरू नका, उकळून गार केलेलं किंवा निर्जंतुक पाणी घ्या. सकाळचा पहिला, खोल खाकरून काढलेला कफ हवा. पातळ फेसाळ लाळ आली तर कल्चर करून उपयोग नाही. प्रजाती ओळखून मागा: एम. गॉर्डोनी बहुतेकदा पाण्यातली भेसळ, तर एम. अ‍ॅबसेससची बातमी गंभीर. कल्चरला सहा आठवडेही लागतात, घाई करून 'नेगेटिव्ह' समजू नका.

एक कळकळीची विनंती. वारंवार उफाळणाऱ्या सीओपीडी-ब्राँकिएक्टेसिसला आठवड्यातून तीनदा अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात, ते सुरू करण्याआधी एनटीएमसाठी थुंकी पाठवा. आत एमएसी (एनटीएममधला एक गट) असेल आणि एकटं अ‍ॅझिथ्रो चालू राहिलं तर जंतू मॅक्रोलाइडला (अ‍ॅझिथ्रोच्या गटाला) दाद देईनासा होतो. मग हाताशी असलेलं सगळ्यात चांगलं औषध गेलं.

कोवळंऊन
मोठ्या माणसातल्या ब्राँकिएक्टेसिसमागे लहानपणापासूनचे आजार असू शकतात, हे बालरोगाच्या बाजूने. रुग्णाच्या आईला विचारा: पूर्ण दिवसांचं बाळ असूनही जन्मल्याबरोबर ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं का? पहिल्या वर्षापासून बारमाही वाहतं नाक, फुटणारे कान, ओला खोकला? तर प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया (श्वासमार्गातले सूक्ष्म केस नीट न हलण्याचा आजार). निम्म्या रुग्णांत हृदय उजवीकडे, निम्म्यांत डावीकडेच, त्यामुळे डावं हृदय पाहून नाकारू नका.

नाकातलं नायट्रिक ऑक्साइड मिनिटाला ७७ नॅनोलिटरच्या खाली असेल तर शंका दाट होते. पण ते सिस्टिक फायब्रोसिसमध्येही (स्राव घट्ट करणाऱ्या जनुकीय आजारात) कमी येतं, म्हणून घामाची तपासणी आधी. सर्दी असताना मोजू नका. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी नॉर्मल आली तरी सुमारे ३० टक्के रुग्णांत आजार असतोच. जनुकीय तपासणी जोडीला हवी.

घामातलं क्लोराइड ६० मिलिमोल/लिटर किंवा जास्त म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस, ३० ते ५९ म्हणजे पुन्हा तपासणी आणि सीएफटीआर या त्या आजाराच्या जनुकाची चाचणी. पिलोकार्पिनने घाम आणून अर्ध्या तासात किमान १५ मायक्रोलिटर जमायला हवा. कमी जमला तर दोन्ही हातांचा मिसळून आकडा काढू नका. मोठ्या वयात वरच्या भागातलं ब्राँकिएक्टेसिस, थुंकीत स्यूडोमोनास जंतू, पुरुष वंध्यत्व, वारंवार स्वादुपिंडदाह असं एकत्र आलं तर वय बघू नका, घाम तपासा.

पानगळ
फायब्रोसिसच्या रुग्णांचं काय? तिथे तर 'आयपीएफ' (कारण न सापडलेलं फायब्रोसिस) म्हटलं की सगळे हात टेकतात.

देवचाफा
तिथे आधी हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस आणि औषधं नाकारायची. नायट्रोफ्युरँटोइन, अमिओडेरॉन, मेथोट्रेक्सेट यांची नावं घेऊन विचारा. 'लघवीच्या जळजळीसाठी रोज एक गोळी' रुग्ण औषधांत मोजतच नाही.

संपर्काचा इतिहास 'पक्षी पाळता का?' एवढ्यावर संपत नाही. पिसांची उशी-रजई, शेजारची कबुतरं, भिंतीची ओल, ह्युमिडिफायर, धातुकामातलं कूलंट, भिजलेला चारा, आतून कधीच न धुतलेलं सनई-सॅक्सोफोनसारखं वाद्य. सुट्टीवर गेल्यावर बरं वाटतं का? पक्ष्यांची अँटिबॉडी आली तर संपर्क आहे इतकंच कळतं, आजार आहे असं नव्हे. सिटीत क्षकिरण यांनी सांगितलेली अडकलेली हवा आणि धुवणात लिम्फोसाइट ३० टक्क्यांच्या वर असतील तर पारडं तिकडे झुकतं.

क्षकिरण
सहमत. सोबत हात-सांधे-त्वचा बघून एएनए, संधिवात घटक, मायोसायटिसचा (स्नायूदाहाचा) संच, या स्वयंप्रतिकाराच्या रक्ततपासण्या. बोटांच्या कडा भेगाळलेल्या असतील तर ती फक्त कोरडी त्वचा नसते.

सूक्ष्मदर्शी
बायोप्सीबद्दल माझं मत वेगळं आहे. लोक ती फार टाळतात. तुकड्याशिवाय पॅथॉलॉजिस्ट काय सांगणार? क्रायोबायोप्सी (गोठवून तुकडा काढणं) आल्यापासून जोखीम कमी झालीय.

देवचाफा
कमी झालीय, संपलेली नाही. क्रायोतही रक्तस्राव आणि न्युमोथोरॅक्स होतो, आणि एम्फिसीमा असलेल्या फुप्फुसात जास्त. डीएलसीओ ३५-४० टक्क्यांच्या खाली, फुप्फुसातला दाब वाढलेला, आजार झपाट्याने वाढतोय, अशा रुग्णाला सर्जिकल बायोप्सीला पाठवणं मला पटत नाही. आधी छातीतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, संधिवाततज्ज्ञ एकत्र बसून सिटी बघू देत. तुकड्याने उपचार बदलणार असेल तरच तुकडा.

सूक्ष्मदर्शी
शेवटचं वाक्य मान्य. पण एकत्र बसणं खरंच व्हायला हवं, नुसतं फाइलवर लिहून नको.

जास्वंदी
राहिलेली एक गोष्ट: डीएलसीओ कमी, सिटीत फारसं काही नाही, एकोवर उजवी बाजू ताणलेली. सीओपीडीमुळे दाब वाढला म्हणून सोडून देऊ नका. सीटीईपीएच (जुन्या गुठळ्यांमुळे फुप्फुसातला दाब वाढणं) शोधा, तो शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. त्यासाठी व्हेंटिलेशन-परफ्यूजन स्कॅन (हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा). सिटी अँजिओ जुन्या गुठळ्या चुकवू शकते. सीओपीडीत हा स्कॅन वाचायला अवघड हे खरं, कारण एम्फिसीमाच्या जागी हवा आणि रक्त दोन्ही कमी दिसतं. पण रक्तपुरवठा नॉर्मल दिसला तर सीटीईपीएच जवळजवळ नाहीच. गुठळी नुकतीच झाली असेल तर रक्त पातळ करणारं औषध तीन महिने नीट घेतल्यानंतरच हे निदान करायचं.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुन्हा मूळ प्रश्नावर येते. माझ्याकडे स्पायरोमीटर, ऑक्सिमीटर आणि रक्त पाठवायची सोय आहे. सिटी आणि डीएलसीओ बाहेर. पहिल्या भेटीत काय, दुसऱ्या भेटीत काय?

देवचाफा
पहिल्या भेटीत: पंप ओढून दाखवायला लावा. नखं, त्वचा, गळा, पाठीचा तळ तपासा. तळाला व्हेल्क्रो उघडल्यासारखा कर्रकर्र आवाज सीओपीडीचा नसतो. ब्राँकोडायलेटरनंतरची स्पायरोमेट्री. बसून आणि चालवून ऑक्सिजन. नखांवरचा रंग काढून, बोट गरम करून. शक्य असेल तर ३० मीटरच्या सरळ वाटेवर सहा मिनिटं चालवा आणि सर्वांत कमी आकडा लिहा, शेवटचा नव्हे. रक्तात सीबीसी विभागणीसह, सीआरपी, अल्फा-१, दमा असेल तर अ‍ॅस्परजिलस आयजीई आणि एकूण आयजीई, ब्राँकिएक्टेसिस असेल तर इम्युनोग्लोब्युलिन. साधीगोष्ट यांची यादी यातच बसवा.

दुसऱ्या भेटीत उत्तरं समोर ठेवून एकच प्रश्न: आकडे, चित्र आणि माणूस जुळतात का? नाही जुळले तर एचआरसिटी, डीएलसीओ, आणि कफ येत असेल तर एनटीएमसाठी थुंकी.

क्षकिरण
सिटीच्या चिठ्ठीवर तुमची शंका एका ओळीत लिहा, धूम्रपान किती वर्षं ते लिहा. आणि जुन्या सिटीची सीडी पाठवाच, नुसता छापील रिपोर्ट नको. पाच वर्षांपूर्वीच्या चित्रात तोच डाग असेल तर निम्मं निदान तिथेच होतं.

बुरशीवेध
आणि त्याच चिठ्ठीवर शेवटची स्टिरॉइडची गोळी कधी घेतली, किती मिग्रॅ, ती तारीख. अ‍ॅझिथ्रोमायसिन चालू असेल तर तेही. इओसिनोफिल, आयजीई, धुवणातल्या पेशी, थुंकीचं कल्चर, यातलं काहीही त्या तारखांशिवाय नीट वाचता येत नाही.